मुरूड, लाडघर, बुरोंडी : अनुप्रास ओळखण्याच्या कसोट्यांचा इतिहास

‘पुढील ओळीतील अलंकार ओळखा’ हा प्रश्न शालेय परीक्षेपासून पदव्युत्तर परीक्षेपर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा एकाच रीतीने शोधले जाते. विद्यार्थी ओळ वाचीत नाही. तो ती मोजतो. एखादे अक्षर दोनतीन वेळा आलेले दिसले की त्याखाली रेघ ओढून ‘अनुप्रास’ असा निर्णय देतो. परीक्षकही तो मान्य करतो. ह्या व्यवहारात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : अनुप्रास हा डोळ्यांनी ओळखावयाचा अलंकार आहे, आणि आवृत्ती आढळली की अलंकार सिद्ध झाला. ह्या दोन्ही गृहीतांना इतिहास आहे. अलंकारशास्त्राच्या आरंभी ती नव्हती. पुढे हळूहळू शिरली. ती कशी शिरली आणि मराठीच्या बाबतीत त्यांनी काय हानी केली, ह्याचा विचार करण्याचा येथे हेतू आहे.

उदाहरणासाठी कोणत्याही कवीची ओळ न घेता मुद्दाम अशी सामग्री घेऊ, की जिची रचना कोणीही केलेली नाही. रत्‍नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात हर्णै बंदराकडून समुद्रकाठाने दक्षिणेस निघाले की मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी अशी गावे ओळीने लागतात. पुढे कोळथरे आणि मग दाभोळची खाडी. ह्यांतील मुरूड, लाडघर आणि बुरोंडी ही तीन नावे एका श्वासात उच्चारून पाहावीत. तिन्हींत ‘र’ आहे आणि तिन्हींत ‘ड’ आहे. मुरूड आणि बुरोंडी ह्यांत तर ‘र’ आधी आणि ‘ड’ नंतर असा क्रमही एकच आहे. शिवाय दोहोंचा आरंभ ओष्ठ्य व्यंजनाने व ‘उ’ ह्या स्वराने होतो. लाडघरमध्ये हीच दोन व्यंजने उलट क्रमाने येतात. हा अनुप्रास आहे काय? असल्यास कोणता?

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’च्या दहाव्या परिच्छेदात जी व्यवस्था लावली आहे, तीत ह्या प्रश्नाचे उत्तर अगदी तयार मिळते. स्वर वेगळे असले तरी चालेल, पण शब्दांत व्यंजनांचे साम्य हवे, हे त्याचे अनुप्रासाचे सामान्य लक्षण. त्याचे छेक, वृत्ति, श्रुति, अन्त्य आणि लाट असे पाच भेद तो करतो. अनेक व्यंजनांच्या समूहाची एकदा आवृत्ती झाली आणि ती स्वरूप व क्रम ह्या दोन्ही अंगांनी झाली, तर तो छेकानुप्रास. क्रम बदलला तर तो छेक नव्हे, हे स्पष्ट करताना ‘रस’ आणि ‘सर’ अशी जोडी तो पुढे ठेवतो. ह्या कसोटीने मुरूड-बुरोंडी हा छेकानुप्रास होतो आणि लाडघर त्याबाहेर पडते. मात्र क्रमावाचून केवळ स्वरूपाने झालेले साम्य वृत्त्यनुप्रासात बसते, असे तो लगेच सांगतो; म्हणजे लाडघरचीही सोय झाली. मुरूडचा ‘म’ आणि बुरोंडीचा ‘ब’ हे भिन्न वर्ण असले तरी त्यांचे उच्चारस्थान एक. तेव्हा तेथे श्रुत्यनुप्रास मानावा लागेल. मच्छीमार आणि बागायतदार ह्यांच्या तीन गावांवर तीन अलंकार चढले!

येथे कोणालाही शंका यावी. जी व्यवस्था इतक्या सहजपणे सर्व काही सामावून घेते, ती काही वगळते तरी काय? विश्वनाथाच्या वृत्त्यनुप्रासाचा शेवटचा प्रकार पाहिला की ही शंका पक्की होते. एकाच व्यंजनाची एकदाच आवृत्ती झाली तरी तो वृत्त्यनुप्रास मानावयास तयार आहे. मराठीत सुमारे पस्तीस व्यंजने आहेत असे धरू, आणि ती भाषेत समप्रमाणात येतात असेही क्षणभर मानू. चौदा व्यंजनांची एक ओळ यदृच्छेने जुळविली, तर तीत एकही व्यंजन पुन्हा न येण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास आहे. म्हणजे विश्वनाथाच्या लक्षणाने शंभरांपैकी सुमारे ९५ ओळी, त्या किराणा मालाच्या यादीतील असल्या तरी, सानुप्रास ठरतात. प्रत्यक्षात त, न, ल, र, क ही व्यंजने इतरांहून पुष्कळच अधिक येतात, त्यामुळे हे प्रमाण आणखी वाढते. जे लक्षण सर्वांना लागू पडते ते कशाचेच लक्षण नव्हे; अतिव्याप्तीचा दोष ह्याहून ठळक क्वचितच आढळेल.

हे शैथिल्य प्रारंभापासून होते काय? नव्हते. अकराव्या शतकातील मम्मट छेक व वृत्ति हे दोन वर्णानुप्रास मानतो, लाटानुप्रास पदांचा म्हणून वेगळा ठेवतो, आणि वृत्त्यनुप्रासासाठी आवृत्ती एकाहून अधिक वेळा झाली पाहिजे अशी अट घालतो. विश्वनाथाने नेमकी तीच अट सैल केली. मम्मटाच्या मागे गेले की नवव्या शतकातील आनंदवर्धन भेटतो. अनुप्रास कसा मोजावा ह्याची त्याला चिंता नाही; तो कोठे नसावा ह्याची आहे. शृंगार प्रधान असेल तेथे एकाच प्रकारचा अनुप्रास नेटाने ओढीत नेणे रसाला पोषक होत नाही, असे तो बजावतो. यमकाविषयी तर तो अधिकच कठोर आहे. त्याच्याही पूर्वी काश्मिरातील उद्भटाने छेक, वृत्ति आणि लाट ह्यांची मांडणी करताना परुषा, उपनागरिका व ग्राम्या अशा तीन वृत्ती सांगितल्या होत्या. म्हणजे आवृत्ती झाली एवढे पुरत नव्हते. कोणत्या जातीच्या ध्वनींची झाली हेही पाहावे लागे.

परंतु माझ्या मते अनुप्रास ओळखण्याची सर्वांत मार्मिक कसोटी सातव्या शतकाच्या सुमारास दंडीने दिलेली आहे. (भामह आधी की दंडी आधी हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. भामह समान रूपाच्या वर्णांची मांडणी एवढेच लक्षण देऊन पुढे सरकतो.) ‘काव्यादर्शा’च्या पहिल्या परिच्छेदात दंडी वर्णांची आवृत्ती ती अनुप्रास असे म्हणतो, पण तेथेच एक अट जोडतो : दोन वर्णांतील अंतर इतके थोडे असावे की दुसरा वर्ण ऐकताना पहिल्याच्या अनुभवाचा संस्कार जागा व्हावा. ही अट मोजणाऱ्यासाठी नसून ऐकणाऱ्यासाठी आहे. अनुप्रास कागदावर नसतो. तो श्रोत्याच्या स्मृतीत घडतो. पहिला ध्वनी विझून गेल्यावर दुसरा आला, तर आवृत्ती झाली खरी, पण अनुप्रास झाला नाही. आमच्या किनाऱ्यावरील उदाहरण पुन्हा घेऊ. ‘मुरूड-बुरोंडी’ अशी जोडी कोणी उच्चारली तर संस्कार जागा होतो. तीच दोन नावे वाटेतील क्रमाने, मध्ये कर्दे आणि लाडघर ठेवून म्हटली, तर बुरोंडीपर्यंत पोहोचेतो मुरूडचा नाद कानात किती उरतो, हे ज्याने त्याने म्हणून पाहावे. वर्ण तेच, गावे तीच. पण एके ठिकाणी अलंकाराचा आभास होतो, दुसरीकडे होत नाही.

दंडीचे आणखी एक निरीक्षण लक्षात घेण्याजोगे आहे. स्थानसाम्यावर आधारलेला श्रुत्यनुप्रास वैदर्भांना आवडतो आणि उघड वर्णावृत्ती गौडांना आवडते, असे तो म्हणतो. अनुप्रासाची ओळख ही श्रोत्याच्या सवयीवर अवलंबून आहे, एका प्रदेशाच्या कानाला जे जाणवते ते दुसऱ्याला जाणवेलच असे नाही, ह्याची त्याला जाण होती. पुढील शास्त्रकारांनी भेदांची नावे जपली आणि हा विचार सोडून दिला.

आमच्या विद्यापीठांतील अध्यापनात ही उपेक्षा कशी चालू राहिली ह्याचे एक सूचक उदाहरण ह्याच भूमीतील आहे. संस्कृत अलंकारशास्त्राचा इतिहास ज्यांनी सिद्ध केला ते भारतरत्‍न पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) हे चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरात जन्मले, आणि त्यांचे शालेय शिक्षण दापोलीस मिशनच्या शाळेत झाले. वडील तेथे वकिली करीत. बुरोंडी तेथून नैर्ऋत्येस, पायी जाण्यासारखी. काण्यांच्या ‘साहित्यदर्पणा’च्या सटीप आवृत्तीवर, आणि तिच्या प्रस्तावनेतून वाढत जाऊन १९५१ साली पूर्णत्वास आलेल्या अलंकारशास्त्राच्या इतिहासावर, आमच्या दोन पिढ्या पोसल्या. त्या आवृत्तीतील टीपांचा विषय म्हणजे पहिला व दुसरा परिच्छेद आणि दहाव्यातील अर्थालंकार. शब्दालंकारांचा भाग बाजूस राहिला. ह्यात काण्यांना दोष देण्याचे कारण नाही. ग्रंथ अभ्यासक्रमाच्या गरजेतून उभा राहिला होता, आणि शब्दालंकार म्हणजे कवीची करामत, विचार करण्याजोगे ते अर्थालंकारच, ही त्या काळाची सार्वत्रिक धारणा होती. परिणाम मात्र असा झाला की उपमा आणि उत्प्रेक्षा ह्यांतील सूक्ष्म भेदांवर तासन्‌तास बोलणारे प्राध्यापक अनुप्रासाशी आले की विश्वनाथाचे पाच भेद फळ्यावर लिहून मोकळे होत.

मराठी काव्याच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न पंडित कवींच्या काळापासून धगधगत आहे. वामनपंडिताला ‘यमक्या’ हे विशेषण चिकटले ते काही निव्वळ स्तुतीने नव्हे. मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) ह्यांचे घराणे मूळचे राजापूर तालुक्यातील सौंदळचे, म्हणजे ह्याच जिल्ह्यातले. कवीचे आयुष्य मात्र पन्हाळा आणि बारामती येथे गेले. परशुरामतात्या गोडबोले ह्यांनी १८५४ साली ‘नवनीत’ सिद्ध केले आणि ही कविता शाळांतून पाठ होऊ लागली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांची बाजू हिरिरीने मांडली. त्यानंतर नव्या कवितेचा काळ आला आणि शब्दालंकार हे कृत्रिमतेचे दुसरे नाव ठरले. दोन्ही पक्षांनी मोरोपंतांचा अनुप्रास डोळ्यांनीच पाहिला, ही गोष्ट मला खटकते. त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखातून, टाळांच्या साथीत, चालीवर समाजापर्यंत पोहोचत होत्या. छापील पानावर जी दाटी वाटते ती चालीवर गाताना कालात पसरते. दंडीच्या परिभाषेत सांगावयाचे तर अंतर बदलते, आणि अंतर बदलले की संस्कारही बदलतो.

मोरोपंतांना ध्वनीच्या स्थानांचे ज्ञान किती पक्के होते ह्याचा पुरावा त्यांच्या ‘निरोष्ठ रामायणा’त आहे. अनेक रामायणे रचताना त्यांनी एकात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले. प, फ, ब, भ, म नाहीत म्हटल्यावर ‘राम’ हे नावच निषिद्ध झाले. लक्ष्मण, भरत, हनुमान हेही गेले. जानकी तेवढी राहिली. ह्या प्रयोगाला कसरत म्हणावे की आणखी काही, हा अभिरुचीचा प्रश्न आहे. पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याचे मोल असे की येथे कवी एकेका वर्णाकडे पाहत नसून उच्चारस्थानाने बांधलेल्या वर्गाकडे पाहत आहे, आणि हीच श्रुत्यनुप्रासाची उलटी बाजू आहे. एका स्थानाची आवृत्ती जशी कानाला कळते तसा एका स्थानाचा अभावही कळतो काय, हे पाहावयाचे असल्यास ते रामायण मोठ्याने वाचावे. मनात वाचून उपयोग नाही.

आता मराठीच्या ध्वनिव्यवस्थेकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे. संस्कृत शास्त्रकारांना लिपी आणि उच्चार ह्यांत मोठी फारकत जाणवत नव्हती. मराठीत ती पदोपदी आहे. च, ज, झ ह्या प्रत्येक अक्षराचे मराठीत दोन उच्चार आहेत, एक तालव्य व एक दंत्य, आणि बाळबोध लिपी ते वेगळे दाखवीत नाही. संख्यावाचक ‘चार’ आणि गुरांना चारा घालण्याच्या अर्थी आज्ञार्थी ‘चार’. वार्धक्य ह्या अर्थी ‘जरा’ आणि किंचित् ह्या अर्थी ‘जरा’. विश्व ह्या अर्थी ‘जग’ आणि ‘जिवंत राहा’ ह्या अर्थी ‘जग’. लिहिताना एक, बोलताना दोन. ‘चार चोर’ असे लिहिले की डोळ्याला दोन चकार दिसतात. कानाला पहिला तालव्य आणि दुसरा दंत्य ऐकू येतो. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ हे मूळचे सगोत्र शब्द, कवितेत तर नेहमी शेजारी बसणारे. पण पहिल्याचा ‘च’ तालव्य व दुसऱ्याचा दंत्य. ह्यांच्या जवळ येण्याने अनुप्रास होतो काय? वर्णसाम्य हे लक्षण धरले तर उत्तर लिपीनुसार ‘होय’ आणि उच्चारानुसार ‘नाही’. उलट ‘चाक’, ‘चूल’, ‘चोख’, ‘चव’ हे चारही दंत्य. त्यांची आवृत्ती निर्विवाद. पंडित कवींच्या रचनेत संस्कृत शब्दांची गर्दी असल्यामुळे तालव्यच बहुसंख्य असतात आणि ही अडचण झाकली जाते. ओवी आणि लोकगीते ह्यांत ती उघडी पडते. विद्यार्थ्याने तेथे रेघ ओढण्यापूर्वी शब्द उच्चारून पाहिलाच पाहिजे.

मुरूड-बुरोंडीचेही तसेच आहे. मुरूडमधील ‘ड’ स्वरानंतर येतो आणि जीभ मूर्ध्याला ओझरती लागून परत येताना उच्चारला जातो. बुरोंडीतील ‘ड’ अनुनासिकाच्या पाठोपाठ येत असल्यामुळे तो पूर्ण स्पर्शाचा आहे. लिपीत ते एक आहेत. मराठी भाषिक त्यांना एकच वर्ण मानतो, कारण ह्या भेदाने त्याच्या भाषेत अर्थ बदलत नाही. तेव्हा येथे अनुप्रास मोडत नाही. दोन चकारांची गोष्ट वेगळी, कारण तेथे अर्थ बदलतो. ही कसोटी अनुप्रासाच्या प्राचीन लक्षणांत नाही, पण तिच्यावाचून मराठीतील अनुप्रासाचा निर्णय करता येणार नाही, असे मला वाटते. गमतीची गोष्ट अशी की मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नसला तरी अनुप्रासाचे त्यात काही बिघडत नाही. स्वरांकडे त्याचे लक्षच नसते. यमकाची मात्र पंचाईत होते.

दुसरी चूक वृत्तींच्या बाबतीत होते. मम्मटाच्या मते माधुर्याला ट-वर्ग वर्ज्य. तो परुषेकडे, ओजाकडे जाणारा. संस्कृतात हे ठीक असेल, कारण तेथे मूर्धन्य व्यंजने तुलनेने विरळ. मराठीत ‘गोड’, ‘लाड’, ‘वेडा’, ‘डोळा’, ‘ओढ’, ‘बाळ’, ‘जिव्हाळा’ हे वात्सल्याचे आणि प्रेमाचे शब्द मूर्धन्यांनीच भरलेले आहेत. आई मुलाशी बोलते ती ड आणि ळ ह्यांच्या आधारानेच. ‘डोळे’ आणि ‘लाडके’ ह्या शब्दांतील मूर्धन्यांमुळे ओळ परुष झाली असा शेरा मी उत्तरपत्रिकांतून वाचलेला आहे. तो शेरा संस्कृत ग्रंथातून आलेला आहे, ओळीतून नव्हे.

शेजारच्या भाषांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. कन्नडात प्रत्येक चरणाचे दुसरे अक्षर जुळविण्याचा ‘प्रास’ हा छंदाचाच नियम होता. तमिळातही आद्याक्षराचे आणि द्वितीयाक्षराचे साम्य ह्यांना वेगवेगळी नावे आहेत. जुन्या इंग्रजी व आइसलँडी काव्यात आघातयुक्त शब्दांची आद्य व्यंजने ओळीच्या दोन अर्धांना जोडीत. अशा काव्यांत अनुप्रास ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. जागा ठरलेली असते, तेथे तो आहे किंवा नाही. संस्कृतात व मराठीत जागा ठरलेली नाही. म्हणूनच येथे ओळखणाऱ्यावर भार पडतो, आणि जेथे भार ओळखणाऱ्यावर पडतो तेथे तो नसलेलेही पाहू लागतो.

आधुनिक भाषाशास्त्राचा प्रवर्तक फेर्दिनां द सोस्यूर ह्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. जिनीव्हास संस्कृत शिकविणाऱ्या ह्या पंडिताने १९०६ ते १९०९ ह्या काळात प्राचीन लॅटिन काव्यातील ध्वनिसाम्यांचा शोध आरंभिला. आधी त्याला व्यंजनांच्या आवृत्ती दिसल्या, मग त्यांत लपलेली देवतांची व वीरांची नावे दिसू लागली, आणि वह्यांमागून वह्या भरल्या. हे सर्व कवींनी हेतुतः केले की आपणच ते पाहत आहोत, हा संशय त्याला सोडीना. लॅटिनमध्ये कविता करणाऱ्या पास्कोली ह्या समकालीन इटालियन कवीला त्याने पत्र लिहून विचारले. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही आणि सोस्यूरने काम थांबविले. त्या वह्यांतील उतारे १९६४ पासून स्तारोबिन्स्की ह्यांनी प्रसिद्ध केले. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर ह्याने १९३९ साली शेक्सपिअरच्या सुनीतांतील आद्यव्यंजनांची मोजणी करून असा निष्कर्ष काढला, की यदृच्छेने जेवढी आवृत्ती अपेक्षित आहे तिच्याहून तेथे फारशी अधिक नाही. स्विनबर्नच्या बाबतीत त्याने १९४१ साली उलट निर्णय दिला. हा निष्कर्ष सर्वांना पटला नाही, आणि मलाही संपूर्ण पटत नाही. कारण यदृच्छेने आलेली आवृत्तीही कवी ठेवू शकतो किंवा खोडू शकतो. पण यदृच्छेचे प्रमाण आधी ठरवावे, हा त्याचा आग्रह बरोबर होता. मराठीत त्यात व्याकरणाची भर पडते. ‘ती येत होती, गात होती, जात होती’ ह्या वाक्यातील तकार क्रियापदाच्या रूपांनी आणलेला आहे. तो वगळून काय उरते ते पाहावयास हवे.

त्याच वेळी, मराठी कान आद्य व्यंजनाच्या साम्याला बधिर आहे असेही नाही, हे रोजच्या बोलण्यातील जोडशब्दांवरून दिसते. कामकाज, साधासुधा, गोरागोमटा, सगेसोयरे, खाणाखुणा, मीठमिरची, मानमरातब, दागदागिने : ह्यांत अरबी-फारसीतून आलेले शब्दही आहेत आणि घरचेही, पण निवड ध्वनीने केलेली आहे. ‘मानमरातब’मध्ये संस्कृत शब्दाने परका सोबती पत्करला तो मकारासाठी. ‘दगडधोंडा’त द आणि ध एका स्थानाचे, ड दोहोंत सामायिक, विश्वनाथ त्याला श्रुत्यनुप्रास म्हणाला असता, आणि येथे मात्र ते म्हणणे योग्य ठरले असते. कारण हे शब्द जवळ आहेत, पुन्हा पुन्हा उच्चारून घोटले गेले आहेत, आणि त्यांत पहिल्या ध्वनीचा संस्कार विझण्यापूर्वीच दुसरा येतो. बुरोंडीच्या बंदरावर मासळीचा सौदा करणाऱ्याला अनुप्रास हा शब्द ठाऊक नसेल; तो मीठमिरची म्हणतो, मिरचीमीठ म्हणत नाही.